बबनचं मिक्सअप

बबनला हरण्याचं दुःख कधीच झालं नाही. आपण कशाने हरलो याचं इंग्रजी नाव त्याला ठाऊक असे आणि तेवढ्यावर तो समाधानी असे. अंबरनाथच्या कंपनीतली पाळी संपली की तो उल्हासनगरला लछूशेठच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाई, मारामारीच्या गेममध्ये मार खाई आणि जिंकणाऱ्यालाच समजावून सांगे, "आत्ता तू मला धरून आपटलंस ना, त्याला थ्रो म्हणतात."

सत्त्याण्णव साली त्याचं लग्न बदलापूरच्या मालिनीशी ठरलं. शालू घ्यायला ती मावशीला, वेणूबाईंना, घेऊन उल्हासनगरला आली. बबनने दोघींना आधी पार्लरमध्ये नेलं. होणाऱ्या बायकोला आपली किंमत कळायला नको?

"हे बघ," त्याने मशीनची दांडी धरून सुरू केलं, "खालून आलेली लाथ बसून अडवायची, उडी मारून आलेला ठोसा उभं राहून. दोन्ही एकदम अडवता येत नाहीत. आणि कोणी नुसताच अडवत बसला तर त्याला धरून आपटायचं. समोरच्याला पुढचं कळूच द्यायचं नाही. यालाच मिक्सअप म्हणतात."

"बरं," मालिनी म्हणाली.

गेम सुरू झाला. मालिनीने खालची लाथ मारली. बबनने ती बसून झोकात अडवली. आता ही उडी मारणार, असं ओळखून तो उभा राहिला. तिने खालचीच लाथ मारली. आता तरी बदलेल, म्हणून तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा तीच लाथ, त्याच नडगीवर. विचार करकरून बबनने पहिला राउंड घालवला.

"अगं, तू बदललं का नाहीस?" तो चिडून म्हणाला.

"लागत होतं की. कशाला बदलायचं?"

दुसऱ्या राउंडला बबन बसला तो उठेचना. मालिनीने जरा निरखून पाहिलं आणि उडी मारून त्याच्या टाळक्यात ठोसा हाणला. तो घाईने उठला, तर खालून लाथ. तो पुन्हा बसून नुसताच अडवू लागला, तेव्हा ती शांतपणे पुढे आली, त्याला धरलं आणि जमिनीवर आपटलं.

"मेला का गं?" वेणूबाईंनी काळजीने विचारलं.

सगळं पार्लर गोळा झालं होतं. लछूशेठ गल्ल्यावरून ओरडला, "बबनभाई, इसको क्या बोलते हैं?"

सवयीने बबनच्या तोंडून गेलं, "मिक्सअप."

पोरं पोट धरून हसली. मालिनीही हसली, पण पदराआड.

शालू घेऊन झाला. दुकानाबाहेर पडल्यावर बबन म्हणाला, "पाहुणी म्हणून सोडलं तुला."

"मग चला परत," मालिनी म्हणाली. "आता नका सोडू."

बबनला एकदम घरच्या कामाची आठवण झाली.

लग्नानंतर त्याने बदलापुरात बिऱ्हाड केलं आणि लछूशेठकडे जाणं सोडलं. स्टेशनजवळ नवं पार्लर निघालं होतं. तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. महिनाभरात तिथेही तो शिकवू लागला, पण दांडीला हात न लावता. कोणी म्हणालंच, "दादा, एक हात होऊन जाऊ दे," तर बबन मान हलवे, "माझं आता घरीच फार खेळणं होतं."