डोसितेचे शुक्रवार

खाचरातल्या क्रॉफिशचे, त्या चिमुकल्या शेवंडांचे, पिंजरे उपसून आलेल्या माणसाचे बूट कोरडे कसे असतील, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. एकेचाळीस वर्षं मी डोसितेचे बूट मागच्या पायरीवर उलटे करत आले आहे. त्यातून चिखल निघतो, भातखाचरातलं गवत निघतं, एकदा तर जिवंत बेडूक निघाला होता. त्या शुक्रवारी काही म्हणजे काही निघालं नाही.

"आज पिंजरे रिकामे होते का?" मी विचारलं.

"होती थोडीफार. लहान होती. सोडून दिली."

"सगळी लहान?"

"एल्मीर, कॉफी दे ना."

दिली. अर्धा कप तसाच ठेवला त्याने. म्हणजे आधीच कुठेतरी पिऊन आला होता. आमच्याकडे कुणाच्याही पायरीवर पाय ठेवा, हातात कॉफीचा कप येतोच. पायरी कुणाची, एवढंच मला कळायला हवं होतं.

ईस्टर झाल्यापासून हे चाललं होतं. शुक्रवारी जेवण झालं की हा तोंड धुणार, केस विंचरणार, पांढरा शर्ट घालणार आणि ट्रक काढणार. कुठे? तर पिंजरे बघायला. पांढरा शर्ट घालून! खोटं बोलायचं तर निदान जुना शर्ट घालून बोलावं. इतक्या वर्षांच्या बायकोला एवढा तरी मान द्यावा माणसाने.

मी संशयी नाही. व्हेर्ना म्हणते की आहे. पण व्हेर्ना माझी शेजारीण, आणि तिचा नवरा दिवसभर आरामखुर्चीत रेडिओ ऐकत पडलेला असतो. त्याच्यावर संशय घ्यायचा तर आधी त्याला खुर्चीतून उठवावं लागेल. माझा नवरा नाचाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवतो. तो वाजवायला लागला की बायका नाचता नाचता मान वळवून बघतात, हे मी तरुणपणापासून पाहत आले आहे आणि मला ते एकदाही आवडलेलं नाही.

आणि आता तर त्याने घरी व्हायोलिन काढणंच बंद केलं होतं. पूर्वी संध्याकाळी ओसरीवर बसून एक तरी वॉल्ट्झ वाजवायचा. आता पेटी कपाटावर, आणि त्याचा डावा हात सदा खिशात. मी काय समजायचं? खिशात चिठ्ठी असणार, आणि वाजवून दाखवायला आता दुसरं कुणीतरी असणार.

मग बुधवारी व्हेर्नाचा फोन आला.

"तुला सांगावं की नाही, मला कळत नाही," ती म्हणाली. म्हणजे ती सांगणारच होती.

"बोल पटकन, माझा भात गॅसवर आहे."

"तुमचा ट्रक गं. गेल्या शुक्रवारी आझेमाच्या अंगणात होता. पिकानच्या झाडामागे लावलेला. रस्त्यावरून दिसू नये असा."

"तुला बरा दिसला!"

"मी मुद्दाम थोडीच बघायला गेले होते? अंडी द्यायला गेले होते तिकडे."

आझेमा फ्रुजे. बायूच्या संथ पाण्यावरच्या पुलापलीकडे राहते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. केस अजून काळेभोर, आणि ते रंगवलेले नाहीत हे मला ठाऊक आहे, कारण चर्चमध्ये मी तिच्या मागच्याच बाकावर बसते. रविवारी मी डोळ्यांत तेल घालून बसले. प्रार्थना कुठली, प्रवचन कुठलं, मला काही आठवत नाही. बाहेर पडलो तर वाऱ्याने डोसितेची टोपी उडाली ती थेट आझेमाच्या पायाशी. तिने उचलली, झटकली, त्याला दिली. त्याने घेतली. चकार शब्द नाही! तीही खाली मान घालून निघून गेली.

हा माणूस कुत्र्याने वाट सोडली तरी 'मेर्सी' म्हणून त्याचे आभार मानतो. दुकानात सुटे पैसे परत घेताना दोनदा म्हणतो. आणि हिच्यासमोर मुका झाला? ज्यांच्यात काही नसतं ती माणसं चारचौघांत बोलतात. ही दोघं बोलली नाहीत. मला राग आला होता असं सगळ्यांना वाटलं असेल. मला भीती वाटत होती. या वयात हा माणूस उठून गेला तर मी दोन माणसांची कॉफी करायची कशी थांबणार होते?

शुक्रवार उजाडला. तो गेला तेव्हा मी रविवारच्या गंबोच्या रश्शासाठी तेलात पीठ भाजत होते. हे काम मध्ये सोडता येत नाही. अर्धा-पाऊण तास एका जागी उभं राहून ढवळावं लागतं, नाहीतर ते करपतं. माझ्या आईने बाळंतकळा येत असताना आधी पीठ पुरं भाजलं आणि मग सुईणीला बोलावणं पाठवलं, असं घरात सांगतात. पीठ अजून बदामी रंगाचंच होतं. मी गॅस बंद केला आणि हातात लाकडी चमचा तसाच घेऊन चालत निघाले.

वाटेत आमचं खाचर लागतं. पिंजरे पाण्यात तसेच, आठवडाभर न उपसलेले, आणि बांधावर ओळीने बगळे. त्यांची चंगळ चालली होती. पुलावरून जाताना मी काय काय बोलायचं ते ठरवत होते, आणि एकेक शब्द असा होता की पापकबुलीत फादरना सांगताना मला लाज वाटली असती.

ट्रक पिकानमागेच होता. जाळीच्या दारातून सगळं दिसत होतं. डोसिते खुर्चीत, डाव्या हाताची बाही वर दुमडलेली. आझेमा समोर स्टुलावर, आणि त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरलेला. दोघांचे डोळे मिटलेले.

"वा!" मी दार ढकललं. "पिंजरे इथे लावलेत होय? आणि सापडलंय काय, ते तरी बघू दे!"

डोसिते दचकला. आझेमाने डोळे उघडले नाहीत. एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि ओठ हलवत राहिली. मग तिने त्याच्या मनगटावर अंगठ्याने क्रूस काढला, आणि मला कळलं. ती त्याच्यावर उपचार करत होती. जुन्या प्रार्थनांचा, आमच्या आज्यांच्या वेळचा.

"तू? कधीपासून?" मी विचारलं.

"मामाने मरताना हे माझ्याकडे सोपवलं. गेल्या हिवाळ्यात," आझेमा म्हणाली. "गावात मी सांगत नाही फिरत."

डोसितेने हात मांडीवर ठेवला. बोटं थरथरत होती, अगदी बारीक. खिशातली चिठ्ठी ती हीच.

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तुला सांगायचं म्हणजे व्हेर्नाला सांगायचं," तो म्हणाला. "व्हेर्नाला कळलं की बँडला कळणार. हात कापतो म्हटल्यावर मला कोण बोलावणार, एल्मीर? मला दुसरं येतं काय?"

"बरा होतोय तो," आझेमा म्हणाली. "पहिल्या शुक्रवारी याच्या हातात कप ठरत नव्हता. आणखी तीन शुक्रवार, मग बोटं तार धरतील."

हातातला चमचा मी खाली ठेवला. मनात या बाईला मी काय काय म्हणाले होते, आणि ही माझ्या नवऱ्याचे हात मला परत देत होती! मला रडू फुटलं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मेर्सी, आझेमा. मेर्सी गं."

डोसितेने दुमडलेली बाही खाली ओढली.

उपचार करणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. पैसा द्यायचा नाही, आभाराचा शब्दही काढायचा नाही. मानले की झालेलं सगळं वाया जातं. हे आमच्याकडे दुधावरच्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. टोपी घेताना डोसिते गप्प का राहिला, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं, आणि तोवर तोंडातून शब्द गेला होता. एकदा नाही, दोनदा.

आझेमाने हळूच आपला हात सोडवला.

"पुन्हा पहिल्यापासून कर," मी म्हणाले. "मी गेलेच समज. मी आलेच नव्हते."

"तसं नसतं ते, एल्मीर. माझ्याकडून आता लागू नाही पडायचं." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ट्रकमध्ये डोसिते समोरचा रस्ता बघत होता. मी मात्र बोलत होते. पलीकडच्या गावात कुणीतरी म्हातारा आहे म्हणे, डॉक्टरकडे जाऊ, नाहीतर हे सगळं थोतांडच असतं. तो म्हणाला, "असेल," आणि उजव्या हाताने गिअर टाकला.

रविवारी दुपारी हॉलमध्ये नाच होता. त्याने पेटी उघडली, तारा जुळवल्या. पहिली वॉल्ट्झ सुरू झाली आणि अर्ध्यावर त्याची बोटं तारेवरून घसरली. अकॉर्डियनवाल्याने मोठ्याने वाजवून ती जागा झाकली. दुसऱ्या गाण्याआधी डोसितेने व्हायोलिन शेजारच्या गिटारवाल्याच्या हातात दिलं, हसून काहीतरी म्हणाला आणि खाली उतरून थेट माझ्या बाकापाशी आला.

"चल," म्हणाला.

वाजवणाऱ्याच्या बायकोने बाकावर बसायचं असतं. लग्न झाल्यापासून मी बसले. दिरांबरोबर नाचले, म्हाताऱ्यांबरोबर नाचले, आणि घरी येऊन दर वेळी याच्याशी भांडले, की सगळ्या गावाला नाचवतोस, एकदा बायकोला नाचव. आता तो माझ्यासमोर उभा होता, पांढऱ्या शर्टात, डावा हात पुढे करून.

मी उठले. तो हात माझ्या हातात थरथरत होता, पाखरू धरल्यासारखा. माझ्या शब्दामुळे की नुसतं वय झालं म्हणून, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारवेना. व्हेर्ना बाकावरून टक लावून बघत होती. मी तो हात दाबून धरला, कुणाला कापताना दिसणार नाही इतका घट्ट, आणि गाणं संपलं तरी सोडला नाही.