आटे बसेपर्यंत

कोठीची खोली लांबायला लागली तेव्हा हणमंतराव आत साबुदाण्याचा डबा शोधत होते. मालनबाई दारात उभ्या राहून बॅटरीचा उजेड दाखवत होत्या. आतला बल्ब सकाळीच उडाला होता आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

बॅटरी जावयानं दिलेली. तिला बटण नव्हतं. डोकं घट्ट पिळलं की ती लागायची, आणि जरासं सैल करून लगेच पुन्हा पिळलं की मंद उजेडाचा प्रखर व्हायचा. आज ती मंदवरच अडून बसली होती. मंद उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोचेना, म्हणून भिंत मागं सरकली. तिथंही पोचेना, तशी आणखी मागं गेली. फळीवरचे डबे भिंतीबरोबर गेले आणि डब्यांच्या मागं हणमंतराव.

"अहो, पुढं जाऊ नका."

"मी कुठं जातोय? डबाच हाताला लागेना," ते म्हणाले. ओठ हलून झाले, मग शब्द आले.

मालनबाईंनी डोकं पिळलं. पुन्हा पिळलं. ते नुसतंच गोल गोल फिरत राहिलं. हणमंतरावांचा पांढरा सदरा आता ज्वारीच्या दाण्याएवढा दिसत होता.

"आवळतच नाही हो!" त्या ओरडल्या.

उत्तर यायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात लसणाचा एक गड्डा सोलून झाला असता. "जोर लावू नको. आटे वाकडे बसलेत. डोकं काढ, आटे पूस आणि परत लाव."

"काढलं तर विझेल."

या खेपेला त्यांनी वाट पाहिली, पाहिली, आणि उत्तर येणारच नाही असं वाटायला लागलं तेव्हा ते आलं. "विझू दे. मी थांबतो."

स्कूटर शिकवताना ते याच आवाजात बोलायचे. मालनबाईंनी डोकं फिरवून काढलं.

पाठीमागं स्वयंपाकघरात लख्ख दुपार होती, पण ती उंबऱ्यापाशी थबकली होती. पुढं काहीच नव्हतं. मालनबाई उंबऱ्यावर बसल्या. आट्यांत मिसरीसारखी काळी कीट भरली होती. ती त्यांनी पदराच्या टोकानं एकेका खाचेतून काढली. सेलची टोकं पुसली. रबराची कडी निसटून आट्यांवर आली होती, ती जागेवर बसवली, वर दाराशेजारच्या फळीवरच्या डबीतलं व्हॅसलीन बोटाच्या टोकानं फिरवलं. अंधाराकडं त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही.

मग डोकं ठेवून आधी उलटं फिरवलं. टक् झालं. आटा आट्यात उतरला. आता सुलटं. ते लोण्यासारखं फिरलं आणि आवळलं.

मंद उजेड लागला. त्यांनी डोकं केसभर सैल केलं आणि लगेच पिळलं.

प्रखर उजेड सरळ गेला आणि फार लांब कुठंतरी भिंतीला लागला. भिंत परत यायला निघाली. डबे एकमेकांवर आपटत होते. हणमंतरावांना पुढ्यात घेऊन भिंत आली आणि आपल्या जागेवर थांबली. हणमंतराव हाताच्या अंतरावर उभे होते, छातीशी साबुदाण्याचा डबा.

"आलो बाई," ते म्हणाले.

मालनबाईंनी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि बाकावर बसवलं. बॅटरी त्यांनी दारातच ठेवली, पेटती. विझवायचा धीर झाला नाही. चहा झाला. मालनबाई जावयाचे, व्हॅसलीनचे, आटे ज्यानं कुणी शोधून काढले त्याचे, सगळ्यांचे मनातल्या मनात उपकार मानत होत्या.

"भ्यालात का हो?"

"नाही. तू पुसत होतीस ना."

तेवढ्यात कोठीतून आवाज आला. हणमंतरावांचाच, लांबून निघालेला.

"मालन, काढलंस का डोकं?"

मालनबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"मालन, ऐकू येतंय का? नाही जमलं तर राहू दे. जेवून घे तू. तू फार केलंस माझं. एकदाही बोललो नाही, पण ध्यानात आहे सगळं."

मालनबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ते कपात बघत होते.

"बोललो होतो खरा," ते म्हणाले. "वाटलं, पोचणार नाही."

"पोचलं हो," मालनबाई म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला तर त्याला आट्यांची कीट लागलेली. ती गालावर आली आणि तशीच राहिली.

मग कोठीतून पावलं ऐकू यायला लागली. अंधारात आपण बायकोच्या दिशेनं थोडं चाललो होतो, हे हणमंतरावांना आठवलं. चपला फटफटत, न थांबता, जवळ येत होत्या. खोली आता चार हातांची होती. पावलं उंबऱ्याशी आली.

हणमंतरावांनी कप उचलला आणि ते बाकावर एका माणसापुरते बाजूला सरकले.