पुढचं पाणी येईपर्यंत

आमच्या सोलापुरात नळाला पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, म्हणून मुदत द्यायची तर लोक तारीख सांगत नाहीत, पाणी सांगतात. पाहुणे दोन पाण्यांपुरते येतात आणि उसना दिलेला मिक्सर पुढच्या पाण्याला परत मिळतो. त्यामुळे माझा नवरा शिवयोगी जेव्हा म्हणाला, "धनू, मूल हवं की नको, पुढचं पाणी येईपर्यंत सांग," तेव्हा माझ्याकडे नेमके पाच दिवस होते.

"नको म्हणालीस तरी चालतंय," तो म्हणाला. "आईला मी एकदाच सांगून टाकतो. पण हे मधेच लोंबकळणं बास झालं की आता."

माणूस खरंच तसा आहे, म्हणून त्याच्यावर चिडताही येत नाही. सासूबाई अक्कलकोटहून रोज फोनवर कानडीत "एनु विशेष?", काय विशेष, म्हणून विचारतात. कसलं विशेष त्यांना ऐकायचंय हे पक्कं ठाऊक असूनही मी "आज भेंडी केली" असं सांगते.

चार दिवस गेले. हो म्हणवत नव्हतं आणि नको हेही तोंडातून निघत नव्हतं. कारण मी किती विसराळू आहे ते मला ठाऊक होतं, खरं तर आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी मी भाचीला, वैष्णवीला, घेऊन पुण्याहून येत होते. मोहोळला एसटी थांबली. आम्ही दोघी उतरलो, मी चहा प्याले, बिस्किटांचा पुडा घेतला आणि बसमध्ये येऊन बसले. पुडा आठवणीनं आणला. वैष्णवी राहिली. पाच किलोमीटर गेल्यावर बिस्किट द्यायला हात पुढे केला तेव्हा कळलं. रिक्षा करून, वाटभर रडत मागे गेले, तर पोरगी कॅन्टीनमध्ये खुर्चीवर पाय हलवत तिसरा वडा खात होती.

त्या दिवसापासून लग्न असो की बारसं, मी दिसले की कुणीतरी ओरडतंच, "पोरं मोजून घ्या गं!" सगळे हसतात, मीही हसते. पण मला भीती वाटते. भाची तिच्या आईला परत करता आली. स्वतःचंच मूल कुठंतरी विसरले तर मी कुणाला तोंड दाखवू?

पाचव्या दिवशी नळाला साडेअकराला पाणी येणार होतं. दहा वाजता मी टाकी धुवायला गच्चीवर गेले. टाकीत नेहमी मीच उतरते, कारण शिवयोगी तोंडाशी अडकतो. हे आम्ही एकदा करून पाहिलं आहे. काथ्या घेऊन तळ घासला, उकाड्यानं जीव नकोसा झाला, म्हणून श्वास घ्यायला डोकं वर काढलं. समोर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी कठड्याला टेकून बसली होती. नाक माझं, भुवया शिवयोगीच्या, आणि हातात कडक भाकरीवर शेंगाची चटणी.

"आलीस?" ती म्हणाली. "लई वेळ लावलास की."

"कोण गं तू? आमच्या गच्चीवर कशी आलीस?"

"मी तुझी मुलगी. हे साल दोन हजार सत्तेचाळीस. भाकरी खाणार?"

मी इकडेतिकडे पाहिलं. समोर कुठली तरी बारा मजली इमारत उभी होती. शेजारच्या गौरम्माच्या गच्चीवर मात्र तीच चादर वाळत होती. सोलापुरी चादर ती, तिचं मला नवल वाटलं नाही.

"आता पाणी रोज येतं का गं?" पोटच्या पोरीला पहिलाच प्रश्न मी हा विचारला. लाज वाटते, पण खरं ते सांगते.

"रोज? सहा दिवसांआड येतंय."

मग माझं डोकं फिरलं. "म्हणजे सगळं ठरलेलंच आहे म्हण की! मी तिकडं पाच दिवस झोप उडवून घेतली ती कशाला? मला विचारलं कुणी?"

"ओरडतीस काय? ठरलंबिरलं काही नाही. आई म्हणते, तिनं टाकी धुऊन जिना उतरताना ठरवलं. तू अजून उतरलीस कुठं?"

"ती कुठाय? म्हणजे मी?"

"अक्कलकोटला गेली मुद्दाम. म्हणाली, समोर आले तर मीच मला रागावत सुटेन. तुझ्यासाठी चिठ्ठी मात्र लिहिली होती. चार पानं. सगळं सविस्तर, हो म्हणायचं की नाही, का, कसं."

"दे मग!"

"सोबत घेऊन गेली. विसरून."

मी टाकीतच मटकन खाली बसले. एकवीस वर्षांत बाई काडीची सुधारली नव्हती. आतूनच विचारलं, "मी तुला कधी कुठं विसरले का गं? खरं सांग."

वरून भाकरी चावल्याचा कुडूमकुडूम आवाज येत राहिला. "तीनदा. एकदा भाजी मंडईत, एकदा शाळेच्या गेटवर. आणि एकदा पेट्रोल भरायला मला स्कूटरवरून उतरवलंस आणि तशीच घरी गेलीस."

"मग?"

"मग काय, आलीस की परत. पंपावर तर एकाच चपलेवर आलीस. ती दुसरी अजून सापडली नाही."

"खूप रडलीस का गं तू?"

"मी कशाला रडू?" तिला खरंच कळेना. तिनं टाकीत वाकून पाहिलं. "तू येणार हे मला ठाऊक होतं की. रडत तर तू होतीस. पंपावरच्या काकांनी पाणी तुला पाजलं."

मी काथ्यानं डोळे पुसले, ब्लीचिंग पावडर डोळ्यांत गेली आणि रडायला आयतं निमित्त मिळालं.

"चल, आत बस आता," ती म्हणाली. "मला मोटर लावायचीय. आणि आई, तो डावा कोपरा नीट घास. एकवीस वर्षांचं शेवाळ मी खरवडतेय."

तिनं झाकण लावलं. मी अंधारात डावा कोपरा जीव तोडून घासला. झाकण ढकलून बाहेर आले तेव्हा समोर बारा मजली इमारत नव्हती, आणि खालून गौरम्मा ओरडत होती, "धनक्का, नळ आला!"

मी जिना उतरले. आठव्या पायरीपर्यंत भीती होती. नवव्या पायरीवरही होती, पण तिथं मला ती एक चप्पल आठवली आणि हसू फुटलं.

शिवयोगी खाली मोटर लावून उभा होता. "हो," मी म्हणाले. "हवं. मी विसरेन, पण परत जाईन." मग सगळं सांगितलं, भाकरीसकट. त्यानं शांतपणे ऐकलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि लिंबू सरबत करून आणलं. वर टाकी भरून वाहायला लागली, गौरम्मा शिव्या घालायला लागली, तरी त्याच्या तोंडावरचं हसू काही जाईना.

"एवढं बोललात दोघी," तो चेष्टेनं म्हणाला. "नाव काय तिचं?"

मी ग्लास खाली ठेवला. पाण्याचं विचारलं होतं, चिठ्ठीचं विचारलं होतं.

"विसरले," मी म्हणाले. "आता तिला आणूनच विचारावं लागेल."