वाचून दाखवला, समजला

उज्वलाने पान उलटलं आणि तेवढ्यात मंजुळाकाकीचं बोट मधे आलं. लावणीच्या चिखलाने नखाच्या कडा काळ्या पडलेलं ते बोट तिने आधीच्या पानावर टेकवलं आणि तिथेच ठेवलं.

"परत वाच गो. मला नाय समाजलं."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. विहारात वीसेक माणसं बसली होती, निम्म्या बायका डुलक्या काढत होत्या आणि बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या होत्या. उज्वलाने शेजारी ठेवलेल्या मोबाईलकडे नजर टाकली. अठरा मिनिटांत अकरा पानं झाली होती.

"काकी, असं प्रत्येक पान दोनदा वाचलं तर पुनवेपर्यंत ग्रंथ पुरा होईल का? पुढे वाचते हां."

मंजुळाकाकीने बोट काढलं. उज्वला पुढे निघाली, आणि घाट उतरणाऱ्या एस.टी.सारखी जी सुटली ती शेवटी सगळे 'साधु, साधु' म्हणत साधुकार देईपर्यंत थांबली नाही.

वरंधच्या वाटेवरच्या त्या बौद्धवाडीत वर्षावासाचं वाचन चाळीस वर्षं दत्ताराम गुरुजींकडे होतं. आषाढ पौर्णिमेला ग्रंथ उघडायचा, आश्विन पौर्णिमेला मिटायचा, रोज संध्याकाळी तासभर वाचायचं. गुरुजी वाचायचे ते चवीने. एक वाक्य वाचलं की चष्मा कपाळावर, मग त्यावर बोलणं, मग कोणाचा तरी प्रश्न, मग त्या प्रश्नावरून वाडीतली एखादी भानगड. त्यामुळे दरवर्षी पौर्णिमा यायची आणि ग्रंथाचा शेवटचा तिसरा हिस्सा तसाच राहायचा. अख्ख्या वाडीने तो कधी ऐकलाच नव्हता. गेल्या वर्षी गुरुजींची नजर पार गेली आणि पुस्तक उज्वलाच्या हाती आलं. तिने ते भाद्रपदातच संपवलं आणि उरलेल्या दिवसांत पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. कानामागून आली अन् तिखट झाली, असं एकदोघी म्हणाल्या, पण कौतुकानेच. पोरीची जीभ म्हणजे शिवणयंत्र, असंही म्हणाल्या.

हे शिवणयंत्र लहानपणापासूनचं. सातवीत असताना महाडला तालुक्याची वाचनस्पर्धा झाली होती. मिनिटात कोण किती शब्द वाचतो ते घड्याळ लावून मोजत होते. उज्वला पहिली आली आणि भिंतीवरचं एक घड्याळ बक्षीस मिळालं. धड्यात काय होतं हे तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं, ही गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी. वाचताना तिला कळायचं. भरभर वाचणाऱ्याच्या डोक्यात काही शिरत नाही, असं गुरुजी म्हणायचे, तेव्हा ती गालातल्या गालात हसायची. ते घड्याळ अजून घरात चालू होतं. पुढे बी.कॉम. झाल्यावर एमआयडीसीतल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात तिला नोकरी लागली, तीही या वाचनाच्याच जोरावर. फायलींचा ढीग ती सकाळच्या चहाआधी उपसायची. साहेब खूश होते. तिच्या पगारावर धाकटा अश्वजित मुंबईला शिकत होता.

आणि ही मंजुळाकाकी. अक्षरशत्रू बाई, साठीला आलेली, दोन वर्षांपूर्वी एकाएकी गुरुजींच्या ओटीवर जाऊन बसली आणि म्हणाली, मला वाचाया शिकवा. गुरुजींना तेव्हा मोठा टाइप दिसत होता. पुढे तोही दिसेना, तरी ते पाटीवर बोट फिरवून तिची अक्षरं तपासायचे. वरातीमागून घोडं, म्हणून वाडी हसली. एकुलता एक पोरगा गेला, बाईला कशात तरी मन रमवायचं असेल, असं उज्वलाच्या आईचं म्हणणं पडलं. विहारात काकी पहिल्या रांगेत बसायची, पुस्तकात डोकावायची आणि दर दोन पानांनी उज्वलाला अडवायची. उज्वलाला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग नव्हता तो. काकी जवळ येऊन बसली की उज्वला पुस्तकातून नजर वर काढायची नाही आणि आणखी भरभर वाचायची.

त्या संध्याकाळी चपला घालताना काकीने तिला गाठलं. पौर्णिमेला गुरुजी मला एक पान सगळ्यांसमोर वाचायला लावणार आहेत, म्हणाली. आधी कोणीतरी नीट ऐकायला हवं. रविवारी येशील का? गुरुजीही मान डोलावत उभे होते. नाही म्हणायला काही निमित्त सापडलं नाही.

रविवारी दहाची मिनीडोर रिक्षा पकडून उज्वलाला महाडच्या बाजारात जायचं होतं. अर्ध्या तासात उरकू, असं ठरवून ती नऊला काकीच्या दारात उभी राहिली. घरात सारवलेल्या जमिनीचा ओला वास होता. भिंतीवर तिच्या पोराचा, अनिलचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा थोडा फुटल्यासारखा दिसत होता. उज्वलाने त्याच्याकडे पाठ येईल अशी जागा धरली.

काकीने कोरा चहा दिला. मग पेटी उघडून तिने प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, आणि त्यातून एक घडी केलेला कागद. ग्रंथ नव्हता तो. सव्वा पानाचा टाइप केलेला कागद होता, त्याची झेरॉक्स. खाली अंगठ्याचा काळा डाग, आणि त्याच्याखाली तिरकी, घाईची सही. उज्वलाने स्वतःची सही लांबूनच ओळखली.

उज्वलाच्याच कंत्राटदाराकडे कामाला असलेला अनिल टाकीत गुदमरून गेला त्याला तेव्हा सहा दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा विधी उरकला होता, पाहुणे परतले होते. साहेबांनी उज्वलाला केबिनमध्ये बोलावून बंद पाकीट दिलं. तू त्यांच्याच वाडीतली, तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, असं म्हणाले. आणि तुझं वाचनही छान, भरभर होतं. बाई दुःखात आहे, तिला जास्त वेळ त्रास नको. ते शेवटचं वाक्य उज्वलाला फार आवडलं होतं. साहेबांना माणुसकी आहे, असं तिने घरी सांगितलंही होतं. काकीसमोर बसून तिने पाकीट फोडलं आणि अडीच मिनिटांत कागद वाचून काढला. एक शब्द गाळला नाही. दोन वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली होती, की आपण एकही शब्द गाळला नाही.

"काकी, हा कशाला? ग्रंथातलं पान घ्या ना."

"ह्येच वाचते. बस तू."

काकीने कागद मांडीवर पसरला आणि बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. मी, खाली अंगठा करणार. एवढं वाचायला मिनिट गेलं. एकेका अक्षराला हात लावून, ते उचलून, पुढच्याच्या शेजारी नेऊन ठेवल्यासारखी ती वाचत होती. जोडाक्षर आलं की अडायची, मागे जायची, पुन्हा यायची. आपल्या मुलाचं नाव आलं तेव्हा मात्र ती अडली नाही. त्याच्या आधीच्या 'कै.'वर थोडी थांबली फक्त.

बाहेर मिनीडोरवाला हॉर्न वाजवून गेला. उज्वलाचा चहा निवला होता. एका लांबलचक शब्दापाशी काकी धडपडू लागली तेव्हा उज्वलाने न राहवून तो शब्द पुरा केला.

"तू नको सांगू," काकी म्हणाली. "तू एकदा वाचलंस त्येवडं पुरं."

मग ती ओळ आली. ती येणार हे उज्वलाला ठाऊक होतं, तिसऱ्या परिच्छेदातली दुसरी ओळ. दोन वर्षांपूर्वी ती डोळ्यांपुढून गेली त्याला दोन सेकंदही लागले नसतील. आज ती एकेका अक्षराने येत होती आणि उठून जायची सोय नव्हती. टाकी साफ करण्यास. त्यास. कोणीही. सांगितलेले. नसताना. तो. स्वतःच्या. मर्जीने. आत. उतरला.

काकीचं बोट 'उतरला'खाली थांबलं. चुलीवर भात रटरटत होता.

अनिलने त्या दुपारी आईला फोन केला होता. आये, आज उशीर व्हईल, सायबांनी टाकीत उतराया सांगितलंय. हे वाक्य सगळ्या वाडीला पाठ होतं, कारण मयताच्या दिवशी काकी तेवढंच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. उज्वला त्या गर्दीत उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं.

काकी पुढे वाचत राहिली. कोणासही जबाबदार धरता येणार नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आणि सगळ्यात शेवटी, अंगठ्याच्या वर: सदर मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला.

सव्वा तास झाला होता. काकीने पदराने तोंड पुसलं आणि मग पहिल्यांदाच कागदावरून नजर उचलून सांगितलं. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा तिने त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी हा कागद समोर धरला आणि म्हणाले, बाई, तुम्हीच तर लिहून दिलंय की कोणी सांगितलं नव्हतं. चौकशी तिथंच मिटली. तिने कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि घरी आणली. गुरुजींना वाचायला दिली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी एकदा वाचून झालं होतं, आता आपल्याच डोळ्यांनी वाचायचा, असं तिने ठरवलं. त्याला दोन वर्षं लागली.

"हितं लिवलंय, मला समाजला," काकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच उज्वलाला सहन होईना. "मला काय समाजला नव्हता. तू बोलत व्हतीस ते नुसतं पानी पडल्यावानी कानावर पडत व्हतं. मंग मला एकच सांग. तुला समाजला व्हता का?"

नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. घाईत होते काकी, भरभर वाचलं, माझंही लक्ष नव्हतं. सगळ्या वाडीला ते पटलं असतं. गुरुजींना तर आधीपासूनच पटलेलं होतं. उज्वलाने तोंड उघडलं आणि तिला तो दिवस आठवला. ती ओळ समोर आल्यावर आपला आवाज क्षणभर अडखळला होता, आणि मग आपण वेग वाढवला होता. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे. तो वेग तिचा स्वतःचा होता.

"समजला होता," ती म्हणाली. "म्हणूनच भरभर वाचला."

काकीने उठून चुलीतलं लाकूड मागे ओढलं, भातावर झाकण ठेवलं. परत आली तेव्हा तिच्या हातात पहिलीच्या पोरांची असते तशी दुरेघी वही होती आणि एक पेन. वहीत आधीच्या पानांवर क ख ग होतं, अनिल अनिल अनिल असं एक सबंध पान होतं. कोरं पान काढून तिने वही उज्वलापुढे सरकवली.

"आता बोललीस ते लिव. मोटं अक्षर काढ. मला वाचता आलं पायजे."

हे लिहिलं तर सोमवारी ऑफिसात आपली खुर्ची राहणार नाही, हे कळायला ज्योतिषी नको होता. अश्वजितचं अजून दीड वर्ष बाकी होतं. आईला काय सांगायचं? उज्वलाने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग ती लिहू लागली. फोनचं लिहिलं, बंद पाकिटाचं, साहेब काय म्हणाले त्याचं. भराभर लिहायची सवय, पण दोन रेघांच्या मधे मोठं अक्षर काढायचं तर हात पळेना. पान भरलं. शेवटी सवयीने तिचा हात पुढे गेला: सदर मजकूर मंजुळाबाईंना वाचून दाखवला.

शेजारून बोट आलं. "ते खोड. वाचून नको दावूस."

उज्वलाने ती ओळ खोडली, खाली सही केली आणि वही काकीच्या मांडीवर दिली. तिला उठायचं होतं. काकीने जा म्हटलं नाही, म्हणून ती बसून राहिली.

काकी वाचू लागली. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं, गल्लीतून कोणीतरी गुरं घेऊन गेलं, आणि बोट सावकाश एकेक ओळ उतरत खाली आलं. मला मजकूर समजला होता, म्हणून मी तो भरभर वाचला. तिथे ते थांबलं. पुढे आणखी तीन ओळी होत्या.

काकीने बोट उचललं, त्या ओळीच्या पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि ती परत वाचायला सुरुवात केली.