भय्यासाहेबांनी पास केलेला पिकअप

मी एक पिकअप ट्रक. पांढरा, डिझेलवर चालणारा. मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही लगेच विश्वास ठेवाल अशी माझी अपेक्षा नाही. मी जुन्या गाड्यांच्या बाजारात राहून आलोय. तिथे कोणी खरं बोलू लागलं की लोक आधी त्याच्या पाठीमागे बघतात, याला कोण पढवतंय म्हणून.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं आठवतं ते एवढंच की बाहेर पडताना एका माणसानं माझ्या काचेवर ‘ठीक आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली. माझ्याबद्दल कोणालाही शंका नसण्याचा तो पहिला आणि शेवटचा दिवस.

पहिला मालक जबलपूरचा, लोखंडी सळया विकणारा. सळया घेऊन मी नागपूरपर्यंत जायचो. माझे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, भरपूर वजनासाठी घडवलेले आहेत. अंगावर ओझं असलं की मी शहाण्यासारखा चालतो आणि रिकामा असलो की उधळतो. माणसांतही असे पुष्कळ असतात, फक्त ते रिटायर झाल्याशिवाय कळत नाही.

मालकाला संशय होता की ड्रायव्हर माझं डिझेल काढून विकतो. ड्रायव्हरला संशय होता की मालकानं त्याच्यामागे माणूस लावलाय. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. पुढे मालकानं मोठा ट्रक घेतला आणि मी बायपासजवळच्या तिवारी भैयाच्या यार्डात येऊन पडलो.

यार्डात माझ्या शेजारी एक राखाडी पिकअप उभी असायची, माझ्याहून लहान, पेट्रोलवर चालणारी. आधी ती एका बेकरीचे पाव वाहत असे. तिच्या अंगाला अजून गोडसर वास यायचा. बोलायची कमी. सुरू झाली तरी शेजाऱ्याला पत्ता लागू नये अशी तिची रीत.

माझी रीत उलटी. त्यात थंडी पडू लागली की सकाळी मी लवकर सुरूच होत नसे. इंजिनातले हीटर थकले होते. किल्ली फिरवली की मी खोकायचो, कण्हायचो, काळा धूर सोडायचो आणि मग कुठे जागा व्हायचो. तिवारी भैयाला हे ठाऊक होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला चालवून गरम करून ठेवायचा. मी मुका, त्यामुळे या व्यवहारात माझी साक्ष कोणी काढली नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी तिघं आली. पुढे भय्यासाहेब. सैन्याचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात केलेली. मागून त्यांची मुलगी अवंतिका आणि तिच्या मागे तिची आई मीराकाकू, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन. मुक्काम लांबणार हे त्यांना अनुभवानं माहीत असावं.

अवंतिकानं शाळेतली नोकरी सोडली होती. भेडाघाटच्या कारागिरांकडून संगमरवरी मूर्ती घ्यायच्या आणि शहरात घरोघरी, देवळादेवळांत पोचवायच्या, असं काम तिनं काढलं होतं. ग्वारीघाटच्या वाटेवर एक नवं देऊळ होत होतं. तिथली नर्मदामैयाची मूर्ती तिनं अंगावर घेतली होती. नर्मदा जयंतीला प्राणप्रतिष्ठा, आणि मूर्ती अखंड पोचवायची जबाबदारी तिची. एक बोट तुटलं तरी मूर्ती खंडित, आणि खंडित मूर्ती गाभाऱ्यात जात नाही. मूर्तीबरोबर अवंतिकाचं कामही तिथेच संपलं असतं. वडिलांनी तर ते सुरू व्हायच्या आधीच संपलेलं धरलं होतं.

“बाबा, माझं येणं-जाणं इथल्या इथे,” ती म्हणाली. “जरा जायचं, थांबायचं, परत निघायचं. ओझंही मोठं नाही. मला ती पेट्रोलवाली बरी वाटून राहिली.”

“तुला वाटून राहिली. तपासली कोणी?” असं म्हणत भय्यासाहेबांनी माझ्या बोनटवर तळहात ठेवला आणि मान वळवली. “भैया, बोनट गरम काहे है?”

“धूप में खडी है, बाबूजी.”

भय्यासाहेबांनी वर पाहिलं. वर दाट कडुनिंब होता. ते हसले. असं हसू मी पुढे फार पाहिलं. चोर सापडला की त्यांना चोरीचं दुःख होत नसे, आपलं बरोबर निघालं याचाच आनंद व्हायचा.

“कल सुबह आयेंगे. इंजन ठंडा चाहिये.”

मीराकाकू कडुनिंबाखालच्या खुर्चीवरून म्हणाल्या, “मला पाहायला आले होते ना, तेव्हाही चहा दोनदा करायला लावला होता. पहिला म्हणे दुसऱ्या कोणी केला असेल.”

“दुसरा जास्त चांगला झाला होता,” भय्यासाहेब म्हणाले.

“दुसरा माझ्या वहिनीनं केला होता.”

इतक्या वर्षांनी मिळालेली ही माहिती भय्यासाहेबांनी ऐकली नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिवारी भैयानं मला नेहमीप्रमाणे गरम केलं आणि मग बोनटवर गार पाण्याचं फडकं फिरवून पत्रा थंडगार केला. भय्यासाहेब आले, हात ठेवला, समाधान पावले. किल्ली फिरवताच मी सुरू झालो. संशयी माणसाला फसवणं अवघड असतं असा एक समज आहे. खरं तर ते सोपं असतं. त्याचा संशय जिथे आहे तेवढी जागा पुसून ठेवली की पुरतं. बाकी गाडीकडे तो बघत नाही.

मग पेट्रोलवालीची पाळी. ती एका इशाऱ्यात सुरू झाली आणि गप्प चालत राहिली. भय्यासाहेबांनी कान लावला. चेहरा गंभीर झाला.

“हिचा आवाज काहून येत नाही?”

“चांगली आहे म्हणून, बाबा.”

“चांगलं इंजिन बोलतं. हे गप्प आहे. गप्प आहे म्हणजे काहीतरी पोटात ठेवून आहे.”

सगळा जन्म त्यांनी सैन्याच्या डिझेल ट्रकांत काढला होता. ते ट्रक सुरू झाले की वसाहतीतल्या कपाटांतली भांडी वाजायची. ज्या इंजिनाचा आवाज येत नाही, त्याला ते इंजिन मानायलाच तयार नव्हते. अवंतिकाकडे उत्तर होतं, पण तिला आणखी काहीतरी हवं होतं. तिनं निवडलेल्या एखाद्या गोष्टीला वडिलांनी एकदा तरी ‘पास’ म्हणावं. गाडी त्यांनी पास केली तर कामही पास होईल, असा तिचा हिशेब. म्हणून तिनं त्यांचीच पसंती मानली, आणि मी रांझी भागातल्या त्यांच्या दारात येऊन उभा राहिलो.

पहिल्याच गार सकाळी मी अर्धी गल्ली उठवली. धूर मीराकाकूंच्या वाळवणावर गेला. भय्यासाहेब बाहेर येऊन म्हणाले, “डिझेलमध्ये भेसळ असेल.”

मग मूर्तींची सुरुवात झाली. पहिल्या खेपेत गणपतीचा दात गेला. नंतर सरस्वतीच्या वीणेची मान. मूर्ती पेंढ्यात गुंडाळून, दोरांनी आवळून आडव्या ठेवल्या जात. पण माझं इंजिन उभ्या जागी थरथरतं आणि माझ्या पाट्यांना एवढंसं ओझं म्हणजे कोणी बसलंच नाही असं वाटतं. खड्डा आला की मी उडायचो. मला त्या मूर्तींशी वैर नव्हतं. सळया कधी तक्रार करत नसत, एवढंच.

भय्यासाहेबांनी चौकशी सुरू केली. कारागीर दगड चिकटवून देत असेल. पेंढा ओला असेल. रस्त्याच्या ठेकेदारानं खाल्लं असेल. अवंतिका ब्रेक जोरात मारत असेल. सगळे संशयित झाले. मी तेवढा राहिलो, कारण मला त्यांनी स्वतः पास केलं होतं.

भेडाघाटच्या कारागिरानं मात्र स्पष्ट सांगितलं, “दीदी, नर्मदामैया इस गाडी में नहीं जायेंगी. और भाडे की गाडी में तो मैं वैसे भी नहीं दूँगा.” भाड्याच्या गाडीवाल्यांवर अवंतिकाचाही भरवसा नव्हता. शेवटी मुलगी कोणाची!

जयंती जवळ आली होती. एका सकाळी मला गरम होण्यासाठी सुरू ठेवलं होतं. भय्यासाहेब चहाचा कप घेऊन आले, माझ्या मागच्या फळीवर ठेवला आणि कारागिरानं दगड कसा बदलला असेल ते समजावू लागले. मी थरथरत होतो. कप हळूहळू पुढे सरकू लागला. अवंतिकानं पाहिलं, पण हात पुढे केला नाही. कप फळीच्या कडेपर्यंत चालत आला, क्षणभर थांबला आणि भय्यासाहेबांच्या पायजम्यावर उतरला.

“बाबा,” ती शांतपणे म्हणाली, “कप चालत आला. मैया बसून राहील काय?”

भय्यासाहेब पायजमा झटकत माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाताना पाठमोरेच म्हणाले, “काढून टाक. ती गप्प बसणारी आहे काय अजून यार्डात, विचार.”

ती होती. पण आधी मी विकला जायला हवा होता.

मला बघायला पनागरचे कुशवाहा जी आले. मटाराचा व्यापार. हंगामात पोत्यांनी भरलेली गाडी नागपूरला न्यायची असते. ओझं जड, रस्ता लांब. माझ्या मनासारखं स्थळ. भय्यासाहेब पुढे झाले आणि मी त्यांना कधीच करताना न पाहिलेली गोष्ट त्यांनी केली. सगळं खरं सांगितलं. सकाळी सुरू होत नाही, हीटर बदलावे लागतील, रिकामी असली की उधळते, धूर सोडते.

कुशवाहा जींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, मग भय्यासाहेबांभोवती.

“बाबूजी, बेचनेवाला खुद इतनी खराबी बता रहा है, तो असली खराबी क्या है?”

“यही है असली!”

“यही होती तो आप बताते काहे?”

भय्यासाहेब लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, आणि ती खुर्ची त्यांना टोचत होती. त्यांनी शपथ घेतली. कुशवाहा जींचा संशय वाढला. भय्यासाहेबांनी किंमत थोडी खाली आणली, तर कुशवाहा जी फाटकाकडेच निघाले.

तेवढ्यात अवंतिकानं किल्ली पुढे केली. “भैया, ले जाइये. मटर भरके नागपूर हो आइये. ठीक लगे तो बात करेंगे.”

“अवंतिका!” भय्यासाहेब मराठीत ओरडले. “ओळख ना पाळख! तो परत नाही आला तर?”

“तर तुमचं बरोबर निघेल, बाबा. तुम्हाला तेवढंच समाधान.”

मीराकाकू दारातून म्हणाल्या, “जाऊ दे गं. गेली तर गेली. माझं वाळवण तरी सुटेल.”

कुशवाहा जी किल्लीकडे असं बघत होते, जणू तिला वीज लावलीय. शेवटी उचलली. रस्ताभर ते आरशात बघत राहिले, कोणी मागे येतंय का म्हणून.

पनागरला माझ्या अंगावर पोत्यांवर पोती चढली. पाटे दबले, मी स्थिर झालो. नागपूरच्या वाटेवर मी इतका नीट चाललो की कुशवाहा जींना उलट भीती वाटू लागली. परत येऊन त्यांनी सौदा पुरा केला, हीटर बदलले. तरी रोज सकाळी ते माझ्याखाली वाकून तेल गळतंय का ते बघतात. गळत नाही. ते बेचैन होतात.

नर्मदा जयंतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी मटार घेऊन निघालो होतो. भेडाघाटचा रस्ता बायपासला मिळतो तिथे पुढे वाहनांची रांग रखडली होती, हॉर्न वाजत होते. रांगेच्या तोंडाशी ती राखाडी पेट्रोलवाली होती, आवाज न करता, बैलगाडीच्या चालीनं. स्टिअरिंगवर अवंतिका. मागच्या हौद्यात पेंढ्याच्या ढिगात कानटोपी घातलेले भय्यासाहेब, नर्मदामैयाला दोन्ही हातांनी मिठी मारून. दोरावर त्यांचा भरवसा नसावा. हॉर्न देणाऱ्या प्रत्येकावर ते डोळे वटारत होते. मैयाचा वर उचललेला हात उन्हात पांढरा दिसत होता, बोटांसकट.

अवंतिकानं मान बाहेर काढून विचारलं, “बाबा, ठीक ना?”

“तू पुढे बघ!” मग जरा थांबून, “बरी चालवून राहिली.”

कुशवाहा जींनी ड्रायव्हरला सांगून मला बाजूला घेतलं, हात जोडले, “नर्मदे हर” म्हणाले. मग ड्रायव्हरच्या कानात पुटपुटले, “देखा? बाबूजी खुद पकडके बैठे हैं. मतलब उस गाडी में भी कुछ गडबड है.”

बाबांनो, डिझेल घ्या की पेट्रोल घ्या, तो तुमचा प्रश्न. आमच्या बोनटवर हात ठेवा, खाली वाका, हवं तर कान लावा. पण आमच्या पाठीवर काय ठेवणार आहात, ते आम्हाला एकदा सांगत जा. अर्ध्या चुका तिथेच टळतील. उरलेल्या अर्ध्यांसाठी घरात कोणीतरी भय्यासाहेब असतातच.

आता रस्ता द्या. मटार पोत्यात फार वेळ राहिला की आतून तापतो, आणि कुशवाहा जी म्हणतील मीच तापवला.