लेकींची साक्ष चालत नाही

चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर चष्मेवाल्यांनी आपल्या खऱ्या आडनावाच्या उगमाचा शोध हाती घेतला. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच. काही जण बागेच्या मागे लागतात, हे पूर्वजांच्या मागे लागले. पूर्वजांना पळून जाता येत नाही, एवढीच त्यात सोय.

आडनाव कोकणी, आणि घराणं पोटापाण्यासाठी चहूकडे पांगलेलं. जिथे जिथे गेले तिथल्या जिभांना जे जमलं आणि तिथल्या कारकुनाच्या हाताला जे सुचलं, ते आडनाव झालं. कुणी शेवटी 'त' लिही, कुणी 'थ'. समुद्र ओलांडून गेलेल्यांनी मधला स्वर लांबवला, आणि एका शाखेने तर शेवटचं अक्षरच सोडून दिलं. चष्मेवाले स्वतः तवाले. थवाल्यांचं म्हणणं, मूळ रूप आमचंच. तुमचा दम कमी पडला. तवाल्यांचं म्हणणं, थवाले पहिल्यापासून फुगलेले, ते अक्षरातही दिसतं.

आडनाव आलं कुठून, असं विचारलं की प्रत्येकाकडे उत्तर तयार. मूळपुरुष कुणाचा राजाचा खजिनदार, कुणाचा गावचा कारभारी, कुणाचा सेनापतीचा सल्लागार. साधा माणूस एकाही शाखेच्या वाट्याला आला नव्हता. मग त्या काळी शेतं कोण नांगरत होतं, हा प्रश्न चष्मेवाल्यांनी भिडेखातर विचारला नाही.

इतक्या थापा पचवल्यावर त्यांनी एक नियम घालून घेतला: जो आज हे आडनाव लावतो, त्याचीच साक्ष धरायची. जावई, भाचे, लग्न होऊन गेलेल्या लेकी, सगळे बाद. नियम कडक होता, आणि कडक नियमाचा माणसाला अभिमान वाटतो.

या नियमात पहिली अडकली ती त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "अरे, आजोबांचे पाय चेपायला मीच बसायचे ना. आपलं आडनाव कसं पडलं, ते सगळं सांगायचे मला. कोकणीतून. मोठी गंमत आहे त्याची."

"ताई, तू आता त्यांच्याकडची," चष्मेवाले म्हणाले. "तुझं धरलं तर उद्या सगळ्यांच्या आत्या येतील."

"बरं बाबा. मग आमटी कुणाच्या आडनावाने वाढू?"

दोघंही हसले. पुढे दोन-तीनदा तिने विषय काढून पाहिला, मग सोडून दिला. चष्मेवाले मात्र चुलत, चुलत-चुलत आणि ज्यांचं नातं सांगताना दम लागावा अशांच्या दारात तासन्‌तास बसून आले. परत आले की ताई विचारायची, "काय म्हणाले?" आणि हे सांगायचे, "खजिनदार."

मधल्या काळात ताई विसरायला लागली. आधी चष्मा, मग दिवस, मग चष्मेवाल्यांच्या सुनेला स्वतःच्या जावेच्या नावाने हाक. "वय झालं," घरात सगळे म्हणाले. हे वाक्य उच्चारलं की पुढे काही करावं लागत नाही.

शेवटी सगळ्या शाखांचा मेळावा भरला. भाड्याचा हॉल, प्रत्येक अक्षराला वेगळी रांग, कारण थवाले तवाल्यांच्या मागे बसायला तयार नव्हते. ताई घरीच होती. तिचं आडनाव एकाही रांगेत बसत नव्हतं. चष्मेवाल्यांनी लांबलचक भाषण केलं आणि प्रामाणिकपणे कबूल केलं, की मूळ काही हाती लागलेलं नाही.

खालून त्यांचा चुलतभाऊ उठला. जन्मभर जहाजावर आचारी होता, त्यामुळे आवाज इंजिनावर मात करणारा. "अरे, एवढी पायपीट कशाला केलीस? ताईला ठाऊक आहे की! माझ्या लग्नात सगळ्यांना बसवून सांगितलं होतं तिने."

"काय सांगितलं?"

"मला विचारतोस? मी नवरदेव. माझं लक्ष बायकोकडे. एवढं आठवतं, की मांडव हसून हसून लोळत होता आणि तुझे वडील रागावून उठून गेले."

म्हणजे खजिनदार नक्कीच नव्हता. इतक्या वर्षांत ऐकलेला हा पहिला खरा पुरावा. चष्मेवाले जेवायलाही थांबले नाहीत.

ताई खिडकीशी वाटाणे सोलत होती. दाणे सालांत आणि सालं पातेल्यात टाकत होती. चष्मेवाले धापा टाकत समोर बसले.

"ताई, ते आडनावाचं सांग ना. कसं पडलं?"

तिचा चेहरा उजळला. आणि तिने सांगितलं. महापुरात वाहून आलेला मूळपुरुष, त्याला वर ओढणारा होडीवाला, ज्या काठाला लागला त्या काठाचं घेतलेलं नाव, मग तिघा भावांच्या तीन वाटा आणि तीन लिहिण्याच्या तऱ्हा. कुठे अडखळली नाही. सगळं चोख होतं, आणि सगळं तिच्या सासरचं होतं.

"ते नव्हे गं," चष्मेवाले म्हणाले. "आपलं."

"आपलंच तर सांगतेय."

"आजोबा सांगायचे ते. कोकणीतून. तू पाय चेपायचीस..."

ताईने बराच विचार केला. मग अजिजीने म्हणाली, "सासूबाईंनी एवढंच सांगितलं हो मला. मी सगळं पाठ केलं."

'तू त्यांच्याकडची' हे चष्मेवाल्यांनी तिला इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता तक्रार करायला तोंड नव्हतं. त्यांनी पातेलं पुढ्यात ओढलं आणि सालं वेगळी करायला लागले.

ताई त्यांच्या हातांकडे कौतुकाने पाहत राहिली. "आणि आपण कुणाकडचे?" तिने विचारलं.

त्यांना त, थ, सगळी अक्षरं येत होती.

"तुमच्या माहेरचा," ते म्हणाले.

"अगंबाई!" ती पदर सावरत उठली. "मग असे कोपऱ्यात काय बसलात? चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही मी. माहेरचं कुणी फिरकतच नाही हो इकडे."