आबासाहेबांनी ऐकलेली थोरली गोष्ट

बारामतीजवळच्या सांगवीच्या आबासाहेबांना राग आला की तो मुक्कामालाच येई. दोन वर्षांपूर्वी एक राग असाच आला होता आणि अजून उठायचं नाव घेत नव्हता.

कारण तसं साधं होतं. त्यांच्या ज्ञानेशने इंदापूरच्या शांतवन मास्तरांच्या सुप्रियाशी कोर्टात लग्न केलं. मुलगी ख्रिस्ती. गावाने तोंडात बोटं घातली, पण आबासाहेबांनी मन मोठं केलं. दारात मांडव घातला, पुढच्या रांगेत व्याह्यांची खुर्ची राखली, शेजारी फेटा बांधणारा उभा केला. आणि व्याही आलेच नाहीत! का, तर आमंत्रण घेऊन गेला होता टेम्पोवाला युवराज. मास्तर म्हणाले, व्याह्याने स्वतः उंबऱ्यावर येऊन बोलवायचं असतं, पेरूच्या क्रेटबरोबर निरोप धाडायचा नसतो. आबासाहेब म्हणाले, मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या दारात आधी जातो, ही कुठली रीत? बारामतीहून इंदापूर म्हणजे तासाभराचा रस्ता. मानपानाच्या वाटेने निघालं की मात्र तो संपता संपत नाही.

या दोघांच्या मध्ये सापडली होती सुप्रिया. तिला पाचवा महिना लागला होता आणि तिचं मागणं एकच होतं. यंदाच्या नाताळाला आईपप्पांनी या घरात जेवायला यावं. येणाऱ्या बाळाला दोन आजोबा मिळावेत, एक अंगणातला आणि एक फोनमधला असं नको. पण हे सासऱ्यांपुढे काढायचं कसं? मास्तरांचं नाव निघालं की आबासाहेबांच्या मिशा ताठ होत.

त्या दिवसांत पेरूच्या बागेत काम चालू होतं. लिंबाएवढ्या फळाला फोमची जाळी चढवायची, वर पिशवी बांधायची, की माशीही लागत नाही आणि डागही पडत नाही. आबासाहेब आणि सासूबाई म्हाळसा पिशव्या बांधत. सुप्रियाला हात वर करायची बंदी होती, म्हणून ती झाडाखाली बसून जाळ्या सोडवून देई. एका दुपारी तिने धीर केला आणि मोठ्या मागणीऐवजी लहानच मागून पाहिलं.

"आबा, नाताळाला दाराला चांदणी लावू का?"

"लाव की," आबासाहेब म्हणाले. "पर चार माणसं इचारतील, ही चांदणी कशाची. मी काय सांगू? तुमच्या गोष्टीचं मला काय बी म्हाईत न्हाय. तू सांग. मधलीच नगं, बुडापास्नं."

सुप्रियाची पंचाईत झाली. संडे स्कूलमध्ये तिने ऐकलं होतं सगळं, पण सुटं सुटं. नोहाचं तारू, दावीदाची गोफण, माशाच्या पोटातला योना. हे एकाला एक कुठं जोडलंय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तरी तिने सुरुवात केली.

"पहिल्यांदा देवानं बाग लावली."

"कशाची?"

"सगळ्याचीच, आबा."

"पाणी?"

"नदी होती. बागेतनं निघून तिचे चार फाटे व्हायचे."

आबासाहेबांनी मान डोलावली. माणूस विचार करून बाग लावणारा दिसत होता.

"मग राखायला एक जोडपं ठेवलं. सगळ्या झाडांचं खा म्हणाला, फक्त या एकाचं खाऊ नका."

"आन त्यांनी नेमकं त्याचंच खाल्लं!"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, उभा जन्म मजूर लावून बागा केल्यात मी," आबासाहेब म्हणाले, आणि त्या क्षणापासून ते पूर्णपणे देवाच्या बाजूचे झाले. देवाला ते 'मालक' म्हणू लागले. "पर मालकाचं एक चुकलं. त्या झाडाला कुंपण का न्हाय घातलं? इचार मास्तरांना."

मास्तरांना! म्हाळसाबाईंनी पिशवी तशीच हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. सुप्रियाने मात्र मान खाली घातली आणि जेवणाच्या सुट्टीत इंदापूरला फोन लावला. मास्तर आधी तुटकच बोलले. संध्याकाळी त्यांनी आपण होऊन फोन केला. "सांग तुझ्या सासऱ्यांना. कुंपण घातलं असतं, तर ती माणसं कशाला, शेरडंच पाळल्यासारखी झाली असती."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून आबासाहेब खुशीत हसले. "डोकं हाय मास्तरला," म्हणाले, आणि लगेच कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहू लागले.

मग रोजचंच झालं. सकाळी आबासाहेब प्रश्न काढत, दुपारी तो इंदापूरला जाई, दुसऱ्या दिवशी उत्तर बागेत येई. जलप्रलयाला त्यांनी नीरेच्या पुराचे दाखले दिले. म्हाताऱ्या अब्राहामाला देवाने वचन दिलं, की तुझ्या वंशातून सगळ्या जगाचं भलं करीन, तेव्हा त्यांनी विचारलं, एवढा भार देवाने एकाच घरावर का टाकला? मास्तरांचं उत्तर आलं, एका रोपापासूनच रोपवाटिका करतात. मिसर देशातल्या गुलामीतून मोशेने लोकांना सोडवलं, समुद्र दुभंगला, तेव्हा आबासाहेबांनी भर बागेत टाळी वाजवली. पण पुढे तेच लोक चाळीस वर्षं रानात कुरकुर करत हिंडले हे ऐकल्यावर ते चिडले. "आयतं जेवाण आभाळातनं पडतंय, आन वर म्हणत्यात चव न्हाय!"

पुढे राजे आले. दावीद आला, त्याचा शलमोन आला, मंदिर झालं. मग राज्य फुटलं, पोरं बिघडली, शत्रूने सगळ्यांना दूर परमुलखात, बाबेलला धरून नेलं.

"मालक गप बसला व्हय?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाही. निरोप घेऊन माणसं धाडत होता. एकामागनं एक. परत या म्हणून. त्यांना संदेष्टे म्हणतात."

"म्हंजी आपल्या युवराजसारखी," म्हाळसाबाई सहज म्हणाल्या.

आबासाहेबांनी बायकोकडे असं पाहिलं की झाडावरची पाखरं उडावीत. म्हाळसाबाई निवांत पिशवी बांधत राहिल्या.

"ऐकलं का त्यांचं कुणी?" थोड्या वेळाने ते कसंबसं म्हणाले.

"कुणीच नाही. काहींना मारलं, एकाला चिखलाच्या आडात टाकलं."

"मग मालकानं दुसरी माणसं बघितली आसत्याल. मी असतो तर तेच केलं असतं."

"नाही आबा. मग तो स्वतः आला."

आबासाहेबांचा हात फांदीवरच थांबला. "स्वतः? मालक?"

"माणूस होऊन. गरिबाघरी, गोठ्यात जन्मला. येशू. ही चांदणी त्याच वेळी आभाळात उगवलेली." सुप्रियाला आता शोधत बसावं लागत नव्हतं, एकातून एक आपोआप निघत होतं आणि तिची तिलाच मौज वाटत होती. "आजारी माणसांना बरं केलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या घरी जाऊन जेवला. चला, घरी परत चला, एवढंच सांगत हिंडला."

"मग? घेतलं का घरात?"

"मारलं. लाकडाच्या खांबाला खिळे ठोकून."

आबासाहेबांच्या हातातली पिशवी वाऱ्याने फडफडत राहिली.

"त्याला म्हाईत न्हवतं व्हय, ही माणसं कशी हायती ते?" त्यांनी विचारलं.

"माहीत होतं, आबा."

"तरी गेला?"

"तरी गेला."

"चूक कुणाची, आन गेला कोण!" आबासाहेबांनी पिशवी खाली टाकली आणि तरातरा बागेबाहेर चालू लागले.

"आबा, पुढं आहे अजून! तिसऱ्या दिवशी..." सुप्रिया ओरडली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ती जाळ्यांच्या ढिगाशी बसून राहिली. सगळं मुसळ केरात! इतके दिवस फळावर जाळी चढवावी तसं जपत आणलेलं, शेवटच्या टप्प्यात हातातून सुटलं. चांदणी तर गेलीच, आईपप्पांचं नाव काढायची सोयही गेली. त्या रात्री आबासाहेब नीट जेवले नाहीत आणि ती तर घासभरही खाऊ शकली नाही.

सकाळी ती उठली तेव्हा आबासाहेब घरात नव्हते. इस्त्रीचा पांढरा सदरा खुंटीवर नव्हता. ज्ञानेश म्हणाला, युवराजच्या टेम्पोत बसून गेले, कुठं ते सांगितलं नाही. बागेत दोघी सासवासुना मुकाट काम करत होत्या. ऊन चढलं आणि सुप्रियाचा फोन वाजला. पप्पा होते.

"सुप्रिया, अगं, हे... हे इथं आलेत. आबासाहेब. पेरूचं क्रेट स्वतःच्या खांद्यावर घेऊन दारात उभे होते."

सुप्रिया हातातल्या जाळ्या टाकून उभी राहिली.

"मला म्हणाले, पोरगी गोष्ट अर्धी ठेवते, शेवट तुमच्याकडनं ऐकायला आलोय. मग सांगितलं मी. तिसऱ्या दिवशी तो उठला म्हटलं तर माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्माच उडाला! शेवटच्या नगरीचं सांगितलं, की तिथं देव माणसांत राहायला येईल, सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसेल, आणि तिच्या वेशी कधीच बंद होणार नाहीत. तर ते पुन्हा पुन्हा विचारतात, कधीच न्हाय? कधीच न्हाय?"

पप्पा थांबले. ते रडत होते हे तिला फोनवरही कळलं.

"मी म्हणालो, आबासाहेब, चूक माझी होती. मी मांडवात यायला पाहिजे होतं. तर म्हणाले, 'मास्तर, चूक कुणाची ते ठरवत बसलो, तर कोण कुणाच्या दारात जाणार?' आम्ही निघतोय गं. आई पण येतेय. नाताळापर्यंत कशाला थांबायचं, म्हणतात."

सुप्रियाने फोन खाली ठेवला आणि पेरूच्या बुंध्याला टेकून हुंदके देऊन रडली. इतकं बरं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

म्हाळसाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग सुनेचे.

"चल, ऊठ आता," त्या म्हणाल्या. "तुझी आई पयल्यांदा येतीया घरी. तिला काय आवडतंय ते तरी सांग."